ॲक्सोलॉटलच्या टाकीतलं पाणी बिघडलं तर
ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यातच राहणारा शेपटीवाला उभयचर प्राणी. त्याचे डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलं, की आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा, उरलेलं अन्न यांतून पाण्यात साचणारी विषारी द्रव्यं) शून्यच हवेत. त्यांतूनच पुढे बनणारं नायट्रेट 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20 भाग) खाली असलेलं बरं.

अमोनिया दिसला तर थांबू नका. त्या बिचाऱ्याला झाकणाच्या टबात, क्लोरीन काढलेल्या तितक्याच थंड पाण्यात हलवा आणि टबातलं सगळं पाणी रोज बदला. इकडे टाकीचा फिल्टर चालूच राहू द्या, त्यातल्या अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंना पोसायला मोजून थोडा अमोनिया घाला. ते पुन्हा वाढायला कित्येक आठवडे लागतात, घाई केली तर परत तिथेच याल.

आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका! क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो दोनदा हलक्या हाताने पिळा, तपकिरी गाळ सुटला की पुरे.

हा जीव मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला 16 ते 18 अंश सेल्सिअस मानवतं. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. बर्फाने तापमान एकदम खालीवर होतं, ते त्याला सोसत नाही.