आई-वडिलांची स्मृती जपायची तर सुरुवात कानांपासून करा

गेल्या दिवाळीत नाशिकला पंचवटीतल्या घरी सगळे फराळाला बसलो होतो. धाकट्या भावाने काहीतरी सांगितलं, हशा पिकला आणि आई सगळ्यांच्या मागून हसली. आमचे चेहरे बघून. वर्षभर आम्ही म्हणत होतो, "आईला हल्ली सांगितलेलं लक्षात राहत नाही." तिला ते धड ऐकूच जात नव्हतं.

तेव्हापासून स्मृतिभ्रंश टाळायला काय करावं असं कुणी विचारलं, की मी कानांचं आधी सांगते. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने या आजाराची आटोक्यात आणता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत कमी ऐकू येणं आणि वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ही दोन सर्वांत वजनदार. चौदाही कारणांवर आयुष्यभर लक्ष ठेवलं तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. ही कुणा एकाला दिलेली हमी नव्हे. वय आणि आनुवंशिकतेपुढे आपलं काही चालत नाही. पण जे हातात आहे ते सोडू नये.

पहिली पायरी: कान आणि डोळे

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कधी नुसता मळ साचलेला असतो. तसं नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कानाचं यंत्र लागलं तर खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. आईला पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी इतकी कर्कश वाटली, की यंत्र स्टीलच्या डबीत गेलं ते आठ दिवस तिथेच राहिलं. मग आम्ही दुपारी, घर शांत असताना, फक्त तासभर लावायला सुरुवात केली. मी समोर बसून पेपर वाचून दाखवायचे. महिन्याभरात ती दिवसभर लावू लागली. आवाज टोचत असेल तर यंत्र पुन्हा जुळवून घ्या, कंटाळून ठेवून देऊ नका.

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कानाच्या यंत्रांच्या चाचणीत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्या विचारशक्तीची घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली.

मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून थांबू नका. उपचार न केलेला दृष्टिदोषही त्या चौदांत आहे.

दुसरी: बीपीची वही

पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसवा. आधी अर्धा तास चहा नको. दंड हृदयाच्या पातळीला हवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर; आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. चाळिशी-पन्नाशीतल्या मुलांनीही आपलं पान त्याच वहीत उघडावं, कारण मधल्या वयातला वाढलेला दाब पुढे मेंदूला महागात पडतो. गोळ्यांचा डोस मात्र मनाने बदलू नका. वयस्कर माणसाला चक्कर येऊन तो पडला तर डोक्याला मार लागतो, आणि तेही त्या चौदांतलंच एक कारण. साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. जेवताना पापड-लोणचं हात राखून वाढा.

तिसरी: चालणं, पण सोबतीने

आठवड्याला १५० मिनिटं, थोडा दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. गोल्फ क्लब मैदानावर रोज ठरावीक वेळी जा, म्हणजे ओळखी होतात, आणि एकटेपणावरही तेच औषध. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि बीपी-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र करून पाहिलं, तेव्हा विचारशक्तीच्या चाचण्यांत फायदा दिसला. नुसती कोडी सोडवत घरी बसण्यापेक्षा भजनी मंडळ किंवा सार्वजनिक वाचनालयाची फेरी मला बरी वाटते.

चौथी: पैसे देण्याआधी विचारा

व्हॉट्सअॅपवर "स्मरणशक्तीची गोळी" आली की तीन गोष्टी बघा: प्रयोग माणसांवर झाला का, न घेणाऱ्यांशी तुलना केली का, किती वर्षं. गिंको बिलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काची अशी नीट चाचणी झाली, ७५ पुढच्या ३,०६९ जणांवर. २००८ साली निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. पण आधी रक्त तपासा.

आणि विसर वाढतोच आहे असं वाटलं तर

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि रोजचा रविवार कारंजाचा रस्ता चुकणं वेगळं. दुसरं दिसलं की वाट बघू नका. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो, आणि त्यावर उपाय असतात. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णासकट, एका पिशवीत घालून न्या, आणि यंत्र कानात आहे ना ते निघण्यापूर्वी बघा.