31 समान भागांच्या सप्तकात की सिग्नेचर कशी ठरवावी

सप्तकाचे 31 समान भाग केले, की प्रत्येक भाग सुमारे 38.7 सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग) होतो आणि पंचम 18 भागांवर, म्हणजे 696.8 सेंटवर येतो. डच भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांचा 1950 सालचा ऑर्गन याच विभागणीचा आहे. सी या स्वराला 0 क्रमांक द्यावा, दर वेळी 18 मिळवावेत आणि बेरीज 31 किंवा अधिक झाल्यास त्यातून 31 वजा करावेत: सी 0, जी 18, डी 5, ए 23, ई 10, बी 28, एफ शार्प 15. एकतीसही स्वरांना स्पर्श केल्यावरच हे चक्र पूर्ण होते.

की सिग्नेचर म्हणजे पट्टीत कोणते स्वर चढे (शार्प) किंवा उतरे (फ्लॅट) घ्यायचे हे स्वरलिपीच्या सुरुवातीला दाखवणारी खूण. तिची रीत नेहमीचीच आहे: सी मेजरपासून दर पंचमाला एक शार्प वाढतो. शार्पने स्वर 2 भाग चढतो आणि फ्लॅटने तेवढाच उतरतो, त्यामुळे एफ शार्प 15 वर, तर जी फ्लॅट 16 वर पडतो आणि पियानोवर एकच असलेल्या या दोन मेजर पट्ट्या येथे वेगळ्या ठरतात.

खरी अडचण जी शार्प मेजरमध्ये येते. तेथे एफला डबल शार्प (दोनदा शार्प, म्हणजे 4 भाग वर) लागतो, जो 17 वर असतो. तोच स्वर जी अर्धफ्लॅट (जीच्या 1 भाग खाली) म्हणून लिहिता येतो, परंतु मग जीची दोन रूपे होतात आणि एफ नाहीसा होतो. म्हणून सिग्नेचरमध्ये डबल शार्पच ठेवावा.