लिफ्ट केलेल्या गाडीचं भरकटणारं स्टेअरिंग आणि शाफ्टची थरथर: या चुका टाळा

जिप्सी, जिम्नी किंवा जुनी महिंद्रा जीप दोन इंच उचलली की पहिले काही दिवस गाडीचा रुबाब बघण्यातच जातात. मग कधीतरी नवी मुंबईचा पाम बीच रोड मोकळा मिळतो आणि लक्षात येतं, की स्टेअरिंग सतत सांभाळावं लागतंय. वळणानंतर ते आपणहून मध्यावर येत नाही. ऐरोली पुलावर बाजूने वारा आला की गाडी लेन सोडू पाहते. त्यातच फ्लोअरखालून एक बारीक गुणगुण सुरू झालेली असते. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण बहुतेक वेळा त्यांचं मूळ एकच असतं.

सर्वात जास्त पैसे वाया जातात ते टायरवाल्याकडे. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, पुन्हा बॅलन्सिंग. पुढचा अ‍ॅक्सल अखंड असलेल्या गाडीत अलाइनमेंटवाला टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तेवढा बदलू शकतो. कॅस्टर (तो काय, ते पुढे सांगतो) बदलायला तिथे सहसा कसलीही सोय नसते. घोडबंदर रोडवर चांगल्या मशीनची दुकानं आहेत, पण तिथे जाऊन ‘कॅस्टर मोजून प्रिंट द्या’ असं मुद्दाम सांगावं लागतं. त्यासाठी चाकं दोन्हीकडे ठरावीक कोनात वळवून रीडिंग घ्यायचं असतं आणि घाईत ती पायरी गाळली जाते.

कॅस्टर म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं त्या रेषेचा, म्हणजे वरच्या आणि खालच्या किंगपिनमधून जाणाऱ्या रेषेचा, मागे असलेला कल. सायकलचा चिमटा असाच मागे कललेला असतो. हा कल असतो म्हणून चाक सरळ व्हायला ओढ घेतं. जिम्नीत अ‍ॅक्सलपासून दोन आर्म मागे चॅसीकडे जातात. गाडी उचलली की त्यांचं मागचं टोक वर जातं, आणि आर्म अ‍ॅक्सलला आवळलेले असल्यामुळे त्याचं अख्खं हाउसिंग (बाहेरचं कवच) पुढे झुकतं. आर्म ७०० मिलिमीटरचा धरला तर ५० मिलिमीटर लिफ्टमध्ये सुमारे ४ डिग्री कॅस्टर जातो. मुळात तो मोजक्याच डिग्री असतो, म्हणजे उरतं काय ते बघा.

यावर ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकलेले बुश) किंवा बदललेले आर्म बसवले जातात आणि स्टेअरिंग सुधारतं. पण किंगपिन आणि पिनियन (शाफ्ट ज्याला जोडला जातो तो गिअर) एकाच हाउसिंगवर पक्के आहेत, हे इथेच विसरलं जातं. कॅस्टर ३ डिग्री वाढवला की पिनियनचं तोंड ३ डिग्री खाली जातं, आणि शाफ्टचं दुसरं टोक जिथे आहे ती ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) तर वर आहे. शाफ्टच्या पुढच्या क्रॉसचा, म्हणजे टोकाच्या वळत्या सांध्याचा, कोन तेवढाच वाढतो.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका टोकाचा वेग स्थिर असला तरी दुसऱ्या टोकाचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. १० डिग्रीला हा फरक दीड टक्का वर-खाली असतो, २० डिग्रीला ६ टक्के. साध्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर हा चढउतार एकमेकांत विरतो. एक टोक ४ आणि दुसरं ११ झालं की तो गाडीत येतो.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. पुढचे हब सुटे होत असतील (म्हणजे चाकं शाफ्टपासून सोडवता येत असतील), तर टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, पुढचा शाफ्ट फिरतच नाही, म्हणून कॅस्टरला आधी मान द्या. चिखलात, दगडांत फोर-एलला (चारही चाकं, कमी वेगाचा गिअर) चालणाऱ्या शाफ्टचा वेग कमी असतो, थोडी थरथर चालते. महामार्गावर भरकटणारं स्टेअरिंग मात्र कधीच चालत नाही. हब कायम जोडलेले असतील, तर तो शाफ्ट घरापासून फिरतोय, तिथे तडजोडीला जागा नाही. डबल कार्डन शाफ्ट (ट्रान्सफर केसच्या टोकाला दोन क्रॉस असलेला) बसवला तर पिनियन थेट ट्रान्सफर केसकडे रोखलेला हवा, म्हणजे कॅस्टर पुन्हा गेला. दोन्ही हवं असेल तर हाउसिंगच्या टोकांचे गोळे कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. हे काम अ‍ॅक्सलचं वेल्डिंग आणि जिग दोन्ही जाणणाऱ्याचंच आहे. रबाळे किंवा तळोज्यातल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये गेट बनवणाऱ्याकडून ते करून घेऊ नका. त्यापेक्षा लिफ्ट कमी ठेवा.

थरथर नक्की कशाची, हे पार्ट घेण्याआधी शोधा. ८० च्या वेगाला साधारण २८ इंची टायर सेकंदाला १० फेऱ्या मारतो. अ‍ॅक्सलचा गिअर रेशो ४ च्या आसपास असेल तर शाफ्ट ४० फेऱ्या मारतो आणि क्रॉसची थरथर सेकंदाला ८० वेळा येते. म्हणून टायरचा दोष स्टेअरिंग आणि सीट हलवतो, शाफ्टचा दोष गुणगुणतो. वेग तोच ठेवून गिअर बदला. आवाज बदलला नाही तर दोष इंजिनचा नाही. कायम फिरणारा पुढचा शाफ्ट असेल तर तो दोन्हीकडून खोलून काढा आणि फक्त टू-एचमध्ये चालवा. आवाज गेला तर उत्तर मिळालं. हब सुटे असून टू-एचमध्येच आवाज येत असेल तर मागचा शाफ्ट बघा. आणि फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून कोरड्या काँक्रीटवर चाचणी कधीच घेऊ नका, ट्रान्समिशन आवळलं जातं.

शाफ्ट काढताना स्प्लाइनवर (दोन भाग एकमेकांत सरकतात त्या दात्यांवर) खूण केली नाही, ही आणखी एक महागात पडणारी चूक. एक दात इकडेतिकडे बसला की दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत, आणि कोन अचूक असूनही थरथर येते. नवा क्रॉस टाकूनही ती जात नाही.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत कॅस्टरसाठी पाचर घालतात, आणि ती उलटी बसवलेली मी वारंवार पाहतो. पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असेल, जसा जिप्सीत कंपनीकडून येतो, तर कॅस्टर वाढवायला पाचरीची जाड बाजू पुढे. पाटे अ‍ॅक्सलवर चढवून लिफ्ट केली असेल तर जाड बाजू मागे. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्टही पाचरीच्या जाडीइतका जास्त लांब घ्या, नाहीतर त्याचं डोकं बैठकीत नीट बसत नाही आणि अ‍ॅक्सल सरकतो. पुढच्या टोकाला शॅकल (पाटा चॅसीला जोडणारा झुलता दुवा) असलेल्या गाडीत लांब शॅकल लावून उचललं तर कॅस्टर आणखी घटतो. मला ही पद्धत अजिबात पटत नाही.

२०२० नंतरच्या थारला यातलं पुढच्या अ‍ॅक्सलचं गणित लागू नाही. तिचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (कोनातही वेग स्थिर ठेवणारे सांधे) आणि त्यांचे बूट (रबरी आवरणं) बघायचे.

कोन मोजताना गाडीचं वजन चाकांवर हवं, जॅकवर नाही, आणि हवा चारही टायरांत कंपनीच्या आकड्याप्रमाणे. पिनियनचा फ्लँज, शाफ्टची नळी, ट्रान्सफर केसचा फ्लँज, तिन्हींवर डिजिटल अँगल गेज ठेवून आकडे लिहा. जमीन थोडी उतरती असली तरी या तिघांतला फरक बदलत नाही. कॅस्टर मात्र सपाट जागीच मोजायचा. हे आकडे लिफ्टच्या आधी एकदा घेतलेले असतील तर नंतर कोणत्याही गॅरेजमध्ये वाद घालावा लागत नाही.