स्ट्रॅटेजी कागदावरच राहते? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की मुंबईतल्या कंपन्यांना नवी स्ट्रॅटेजी सुचते. लोणावळ्याच्या नाहीतर अलिबागच्या रिसॉर्टवर दोन दिवस मुक्काम, ढीगभर स्लाईड, शेवटी ग्रुप फोटो. जून सरतो, पाऊस लागतो, तिमाहीचे आकडे अंगावर येतात आणि त्या स्लाईड कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हेही कोणाला आठवत नाही. मी मधल्या आकाराच्या कंपन्यांची ऑपरेशनची घडी बसवायचं काम करतो. अंधेरी एमआयडीसी, वागळे इस्टेट, भिवंडी हा माझा पट्टा. सगळीकडे चुका त्याच. नवीन चूक करणारा कोणी भेटला तर त्याला माझ्याकडून चहा.

स्ट्रॅटेजी नवी, इन्सेंटिव्ह जुना

ही सगळ्यात महाग चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

घरगुती वापराच्या वस्तू विकणारी एक कंपनी. ऑफिस अंधेरीला, गोदाम भिवंडीला. ठरलं असं की मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक डिस्ट्रिब्युटरला ऑर्डर आल्यापासून ४८ तासांत माल पोचवायचा. कल्पना चांगलीच होती. दुकानदार शेल्फ रिकामं ठेवत नाही. ज्याचा माल आधी येतो, त्याचा लावतो. मग नवं सॉफ्टवेअर आलं, जादा गाड्या लावल्या, गोदामाच्या भिंतीवर '४८ तास' असं भलंमोठं पोस्टर लागलं. तीन महिने उलटले तरी ऑर्डरींची बोंब कायम. हेड ऑफिसचं निदान तयारच होतं: गोदामवाले आळशी.

मी एकदा महिन्याच्या मध्यावर गोदामात जाऊन बसलो आणि एकदा महिनाअखेरीला. मध्यावर लोडिंगची जागा रिकामी, हमाल पॅलेटवर बसून मोबाइल बघतायत. महिनाअखेरीला गाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर, सुपरवायझरच्या टेबलावर ऑर्डरींचा गठ्ठा आणि फोनवर एकापाठोपाठ एक सेल्समन: "दादा, माझी गाडी आधी काढा." बिलं फाडून तयार, ई-वे बिलं (माल वाहून नेताना लागणारी जीएसटीची ऑनलाइन पावती) तयार, गाडी मात्र गेटवरच. २०० किलोमीटरच्या आतल्या ई-वे बिलाची मुदत एका दिवसाची, त्यामुळे एक पोरगा नुसता मुदत वाढवायच्या कामाला लावलेला. त्यात मुंबई-ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी. गाडी उशिरा भरली की दिवस गेलाच.

कारण सरळ होतं. सेल्सचा इन्सेंटिव्ह महिन्याच्या बिलिंगवर. महिना संपायच्या आत बिल फाटलं की यांचं काम झालं, माल कधी पोचतो त्याच्याशी यांना देणंघेणं नाही. डिस्ट्रिब्युटर तर पक्का मुरलेला. शेवटच्या आठवड्यात जादा स्कीम निघते हे त्याला ठाऊक, म्हणून तो ऑर्डर दाबून ठेवतो. सुपरवायझर मला म्हणाला, "साहेब, उशीर झाला तर शिव्या आम्हाला. सेल्सच्या पगारातून पाच रुपये तरी कापले जातात का?"

आम्ही महिन्याचं टार्गेट आठवड्यांत वाटलं. जादा स्कीम १० तारखेच्या आतल्या ऑर्डरींना दिली आणि महिनाअखेरीची स्कीम बंद केली. वेळेत पोचलेल्या ऑर्डरींचा हिस्सा सेल्स आणि गोदाम, दोघांच्याही इन्सेंटिव्हमध्ये घातला. सेल्स हेडने आकाशपाताळ एक केलं. पहिल्या महिन्यात बिलिंग खरंच घसरलं आणि मालकांचा धीर सुटायला आला होता. त्यांनी कळ काढली, हे त्यांचं श्रेय. हळूहळू गेटबाहेरची रांग आटली. वसई-विरारकडच्या ऑर्डरी अजूनही अडतात, पण त्याचं कारण घोडबंदरचा ट्रॅफिक आहे, इन्सेंटिव्ह नाही.

तेव्हापासून कोणी स्ट्रॅटेजीची फाइल पुढे केली की मी आधी इन्सेंटिव्हची फाइल मागतो. एचआरवाल्यांना ते आवडत नाही. न आवडो.

नवं सगळं सुरू, जुनं काहीच बंद नाही

पंधरा प्राधान्यं, जुने प्रोजेक्ट चालूच, आणि माणसं तीच. मग काय होणार?

डबेवाल्यांची स्लाईड प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असते. १८९० पासूनची परंपरा, डब्यावरच्या रंगीत खुणा, सिक्स सिग्मा (म्हणजे जवळजवळ शून्य चुका), टाळ्या. पण वारंवार सांगूनही डबा उशिरा देणारं गिऱ्हाईक डबेवाले सोडून देतात, हे त्या स्लाईडवर नसतं. एका डब्यासाठी थांबलं तर ठरलेली लोकल चुकते आणि त्याबरोबर बाकीचे सगळे डबे. स्ट्रॅटेजी शिकायचीच असेल तर ती या नकारात आहे. आमचे साहेब लोक मात्र खुणांचं कौतुक करतात आणि संध्याकाळी सहाला फोन करणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकासाठी अख्खी लाइन थांबवतात.

माझी सवय अशी: नव्या कामाशेजारी बंद होणारं काम लिहायचं आणि त्यातून मोकळ्या होणाऱ्या माणसाचं नावही. रकाना रिकामा राहिला तर मी नवं काम खोडतो. यावर वाद होतात, दोन-दोन तास होतात. होऊ द्यावेत, नंतरचे सहा महिने वाचतात.

गूगल करतं म्हणून आपणही

ओकेआर, म्हणजे ध्येय आणि ते गाठलं का हे मोजायचे ठरावीक निकाल लिहून ठेवायची पद्धत, इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी इंटेलमध्ये रुजवली आणि गूगलचे गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलमध्ये नेली. तिथे ध्येय मुद्दाम अवघड ठेवतात. सत्तर टक्के गाठलं तरी चांगलं मानतात. आपल्याकडे टेम्प्लेट डाउनलोड होतं, थेट बोनसला जोडलं जातं आणि पुढच्या तिमाहीपासून सगळे सोपी ध्येयं लिहायला लागतात. वर मी इन्सेंटिव्ह बदला म्हणालो, ते रोजच्या ठरलेल्या कामाबद्दल. जे जमेल की नाही याचीच खात्री नाही, त्यावर पैसे लावलेत तर माणूस हात आखडणारच.

बॅलन्स्ड स्कोअरकार्डचं, म्हणजे कंपनीची कामगिरी मोजायच्या तक्त्याचं, तेच. कॅप्लान आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलं तेव्हा रोख असा होता की नुसता पैसा बघू नका. ग्राहक, आतल्या प्रक्रिया आणि शिकणंही बघा, पण मोजकंच. आता एक्सेलची शीट उजवीकडे सरकवता सरकवता बोट दुखतं. नुकतीच एमबीए झालेली मंडळी यात फार रमतात. त्यांना मी आधी आठवडाभर डिस्पॅचला बसवतो.

बाकीच्या, थोडक्यात

जबाबदारीच्या रकान्यात 'टीम' लिहिणं. एकच नाव लिहा.

बजेट मार्चमध्ये मंजूर, स्ट्रॅटेजी एप्रिलमध्ये. मग पैसे जुन्याच कामांना जातात आणि नंतर सगळे आश्चर्य करतात.

अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात लाँच ठेवणं. ही माणसं नक्की कुठल्या शहरात राहतात?

आढावा बैठकीत सगळं हिरवं

आढाव्याच्या शीटवर हिरवं म्हणजे काम ठरल्याप्रमाणे, लाल म्हणजे अडलंय. फेब्रुवारीपर्यंत सगळे रकाने हिरवे आणि मार्चमध्ये एकदम लाल, असं मी इतक्यांदा पाहिलंय की हिरवी शीट दिसली की मला शंकाच येते. एकदा लाल दाखवणाऱ्याचा सगळ्यांसमोर पाणउतारा झाला, की पुढच्या महिन्यापासून बैठकीत रंगकामच होतं.

मी बैठक कॉन्फरन्स रूममध्ये घेत नाही. दर आठवड्याला गोदामात किंवा शॉपफ्लोअरवर, उभ्याने, अर्धा तास. काय अडलं, कशामुळे अडलं, कोण कधीपर्यंत सोडवणार, एवढंच. पहिलं लाल मालकाने किंवा सीईओने स्वतःचं सांगायचं. तोच रकाना दोन आठवडे लाल राहिला, तर तिसऱ्या आठवड्यात त्या माणसाला नाही, त्याच्या वरच्याला बोलायला लावायचं.