घाटात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतोय? आधी ऑइल कूलर तपासा

जुनी ऑटोमॅटिक सेडान. सपाटीवर ठणठणीत, कसारा घाट चढताना मात्र गिअर घसरायचा, आरपीएम उगाच चढायचे, करपट वास यायचा. इंजिनाच्या टेंपरेचरचा काटा मधोमध. ऑइल बदललं, थर्मोस्टॅट बदलला. शेवटी गॅरेजमधून ओव्हरहॉलचं इस्टिमेट हातात पडलं. डोकंच फिरलं.

मग घाट चढून आल्याबरोबर, इंजिन चालू ठेवून, रेडिएटरच्या खालच्या टाकीतल्या ऑइल कूलरचे (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा भाग) दोन्ही पाइप इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले. जाणारा १२० अंशांच्या आसपास, परतीचा जेमतेम कोमट. म्हणजे ऑइल जवळपास वाहतच नव्हतं.

गाडी निवल्यावर परतीचा पाइप सोडून बाटलीत घातला. हँडब्रेक लावून, लिव्हर ‘पी’वर ठेवून इंजिन आयडलला. साधारण २० सेकंदांत लिटरभर यायला हवं, आलं कपभर. लगेच इंजिन बंद करायचं, गिअरबॉक्स कोरडा चालवायचा नाही. कूलरच्या आधीचा पाइप सोडून हेच केलं, तर भसाभस आलं. पंप बरा, कूलर तुंबलेला.

उलट्या दिशेने फ्लश करूनही मोकळा होईना, म्हणून रेडिएटरच बदलला. पॅन (गिअरबॉक्सखालचा ऑइलचा ट्रे) काढून नवा फिल्टर, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल. लेव्हल तपासली ती ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून. फ्लो पुन्हा मोजला, पुरेपूर. घाटात आता घसरत नाही.

पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लगदा असतोच. चकाकते तुकडे दिसले, तर मात्र ओव्हरहॉल टळत नाही.