हिवाळ्यातले मोठे गरुड: खान्देशात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिल्या हिवाळ्यात तुम्हाला दिसलेले निम्म्याहून जास्त तपकिरी गरुड बिननावाचे राहतील. हे आधीच मान्य करा, म्हणजे पुढचा मनस्ताप वाचेल. माझ्या जुन्या वह्यांत कितीतरी ठिकाणी ‘मोठा गरुड, तपकिरी’ एवढंच लिहिलेलं आहे आणि त्यांतल्या बऱ्याच नोंदींना आजही नाव देता येत नाही. त्यात कमीपणा काही नाही. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावर, प्रजाती न ठरवता नुसता गट नोंदवायची सोय आहे ती याचसाठी. घाईने चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ती नोंद कितीतरी उपयोगाची.

घार, कापशी, शिक्रा, तिसा ओळखता येतात असं धरून लिहिते आहे. दुर्बीणही असेलच. ८×४२ पुरे, दहापटीच्या मागे लागू नका, हात थरथरतो.

पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो. तेव्हा बरेच जण पहिल्यांदा तापीवरच्या हतनूर धरणावर येतात आणि गरुड दिसले नाहीत म्हणून हिरमुसून परत जातात. त्या दिवसांत गरुड नुकते उतरायला लागलेले असतात. डिसेंबर अर्धा सरू द्या, वावरात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, निसवू द्या, मग या. आणि अंधारात निघून उजाडताच आकाशाकडे बघत बसू नका. हवा तापल्याशिवाय एवढ्या जड पक्ष्याला उचल मिळत नाही, त्यामुळे साडेनऊ-दहापर्यंत तो बहुधा बसूनच असतो. सकाळी हाय टेन्शन लाइनीचे टॉवर, सुकलेल्या बाभळी, बांध आणि नांगरलेल्या वावरातली ढेकळं एकेक करून तपासा. हिवाळ्यापुरता येणारा स्टेपी गरुड तर सरळ जमिनीवर बसतो, आणि ढेकळांच्या रंगात असा मिसळतो की आपण त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. दहानंतर मान वर करा.

जागेवरूनही अर्धी दिशा मिळते. हतनूरच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यावर, चांगदेवकडे तापी-पूर्णेच्या संगमाच्या बाजूला, पाण्याशी जोडलेले गरुड: मोठा ठिपकेदार, ऑस्प्रे, आणि त्यांच्या जोडीला दलदली भोवत्या (मार्श हॅरियर). धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणासारख्या उघड्या माळावर स्टेपी, टॉनी, सापमार गरुड आणि माळावरचे भोवत्ये. पाटणादेवीच्या कड्यांवर किंवा यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी बोनेलीचा गरुड आणि तुरेवाला सर्पगरुड. पण जागा म्हणजे पुरावा नव्हे, एवढं लक्षात असू द्या. स्टेपी गरुड धरणावरही येतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. रंग बघून गरुडाचं नाव ठरवू नका.

मला हे कळायला फार वेळ लागला, कारण पुस्तकातली चित्रं रंगीत असतात आणि आपण नकळत रंगच जुळवत बसतो. टॉनी गरुड गडद तपकिरीपासून जवळजवळ मळकट पांढऱ्यापर्यंत कुठल्याही छटेत सापडतो. स्टेपी गरुड मूळचा तपकिरी, पण त्याची पिसं उन्हाने विटतात. उन्हाळ्याच्या अखेरीस कझाकस्तानच्या किंवा रशियाच्या गवताळ प्रदेशातल्या घरट्यातून उडालेलं पिल्लू फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडच्या उन्हात इतकं फिकं पडतं की त्याला टॉनी म्हणायचा मोह होतो. त्यात दुपारचं ऊन डोक्यावर असलं की खालून प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि पांढऱ्या मातीच्या माळावर तोच पक्षी खालच्या उजेडाने उजळतो. एकच गरुड, तीन रंग.

लळिंगच्या बाजूला एकदा शेजारशेजारच्या वावरांत दोन गरुड बसलेले होते. एक जवळजवळ गव्हाच्या काडासारखा फिका, दुसरा काळपट. मी दोन वेगळी नावं लिहायच्या तयारीत होते. मेंढ्या घेऊन निघालेले ठेलारी बाबा माझ्याशेजारी थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बठ्ठा एकच शेतस. एक पोऱ्या शे, एक बाप.” म्हणजे सगळे एकच आहेत, एक पोरगा, एक बाप. दुर्बीण नाही, पुस्तक नाही, पण त्यांचं बरोबर होतं. दोन्ही स्टेपीच होते, वयं वेगळी होती. रोज मेंढरं बघणाऱ्या माणसाला वयाचा फरक आधी दिसतो. आपल्यालाही तेच शिकायचं आहे: आधी वय, मग नाव.

वय कसं बघायचं ते सविस्तर सांगते, कारण हे कोणी नीट सांगत नाही. गरुड डोक्यावरून गेला की रंग सोडा आणि पंखाची मागची कड बघा. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची उडायची सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली असतात, म्हणून ती कड एकसारखी, सलग दिसते. स्टेपीच्या या वयात त्या कडेला पांढरी किनार असते, आणि पंखाच्या खालून मधोमध, बगलेकडून टोकाकडे जाणारा रुंद पांढरा पट्टा. तो पट्टा दिसला की टॉनीचा प्रश्न मिटला, टॉनीला तो कधीच नसतो. दुसऱ्या वर्षापासून पिसं झडून नवी येऊ लागतात. जुनी आखूड आणि विटलेली, नवी लांब आणि गडद, त्यामुळे कड दातेरी होते आणि पांढरा पट्टा जागोजागी तुटतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पट्ट्याचे नुसते अवशेष उरतात. पूर्ण वाढ व्हायला चार-पाच वर्षं लागतात. मग पट्टा नाहीसा होऊन पिसांवर आडव्या रेघा येतात आणि मागच्या कडेला गडद किनार येते. मधल्या वर्षांतले पक्षी सगळ्यांत जास्त छळतात. पट्टा नाही म्हणजे स्टेपी नाही, असं म्हणून अनेक जण फसतात. पट्टा असेल तर तो पुरावा, नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बसलेला गरुड मिळाला तर नशीब. तेव्हा चेहरा बघा. चोचीच्या कोपऱ्यापासून गालावर एक पिवळी रेघ जाते, निरीक्षक तिला गेप म्हणतात. टॉनीची रेघ डोळ्याच्या मध्याखाली थांबते. स्टेपीची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोहोचते, त्यामुळे चेहरा जरा रागीट दिसतो. प्रौढ टॉनीची बुबुळं पिवळसर, स्टेपीची गडद. मात्र मान थोडी जरी वळलेली असली तरी ही रेघ फसवते. अगदी बाजूने दिसेपर्यंत थांबा. शिवाय छोट्या ठिपकेदार गरुडाची, म्हणजे वर्षभर आपल्याकडे राहणाऱ्या भारतीय जातीची, गेपही चांगली लांब आणि रुंद असते. तो अंगाने लहान आणि सडपातळ. नुसत्या गेपवर नाव ठोकून देणाऱ्यांनी हे विसरू नये.

मोठा ठिपकेदार गरुड पाण्यावर शोधा. फुगवट्यावरचे वारकरी पक्षी एकदम दाटीने गोळा झाले, बदकं उठली, की वर बघा. अंगाने तो काळपट, पंख रुंद, शेपूट आखूड, आणि तरंगताना पंखांची टोकं खाली झुकलेली. नाकपुडी गोल असते, स्टेपीची लांबट. लहान वयात पाठीवर आणि पंखांवर मोठे पांढरे ठिपके असतात, पण वाढत्या वयात ते जातात. प्रौढ पक्ष्याला नावातले ठिपके नसतात, म्हणून त्याला बाद करू नका. दलदली भोवत्याची मादीही गडद असते, पण तिच्या डोक्यावर मलईच्या रंगाची टोपी असते आणि ती पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून बोरूवरून खालून खालून फिरते.

बाकीचे त्या मानाने सोपे. ऑस्प्रे खालून पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी, एकदा बघितला की पुन्हा चुकत नाही. सापमार गरुड फिका, डोकं घुबडासारखं मोठं, डोळे पिवळे, पाय उघडे, आणि माळावर हवेत एका जागी पंख मारत थांबतो. स्टेपी, टॉनी, ठिपकेदार यांच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात, त्यामुळे बसलेल्या पक्ष्याचे पाय बघायची सवय लावाच. बूटेड गरुड घारीएवढाच असतो. शेपूट दुभंगलेलं नाही आणि समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका, एवढं पुरतं. शाही गरुड कमी दिसतो. कोवळ्या वयात छातीवर उभ्या रेघा आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ फिका असेल तर फोटो काढून जाणकाराला विचारा.

फोटोवरून आठवलं. पहिल्या हिवाळ्यात कॅमेरा दुय्यम ठेवा, असं माझं ठाम मत आहे. बसल्या गरुडाचा सुंदर चेहरा काढण्यापेक्षा तो उडताना पंखाखालचे आठ-दहा फोटो सलग काढा, धूसर आले तरी चालतील. ॲपमध्ये फोटो टाकून आलेलं नाव उत्तर म्हणून घेऊ नका. या मधल्या वयाच्या पक्ष्यांवर ॲप हमखास अडखळतं, आणि तुम्ही पंखाची कड बघायला कधीच शिकत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मिनिटांत मिळालेल्या नावाचंही तेच.

शिकवणारा निवडताना एकच परीक्षा घ्या: “कशावरून?” असं विचारा. जो पट्टा, गेप, नाकपुडी, वय सांगेल त्याच्यामागे चिकाटीने जा. जो “अनुभवावरून” म्हणेल त्याला नमस्कार करून पुढे चला, मग त्याची यादी कितीही मोठी असो. मला शिकवलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी एका गरुडाकडे बराच वेळ बघून “मला नाही सांगता येत” असं सांगितलं होतं. त्याच दिवशी मला त्यांच्यावर विश्वास बसला. बायका-मुलींनी फुगवट्याच्या आतल्या रस्त्यांवर एकट्याने जाऊ नये असं लोक सांगतात. मी म्हणते, दोघीतिघी मिळून जा, पण जा. वीस जणांच्या सहलीत गरुड दिसतो, शिकायला मिळत नाही.

मेलेली जनावरं टाकतात त्या जागांवर स्टेपी आणि टॉनी येतात, क्वचित गिधाडंही. तिथे अंतर ठेवा, पक्षी उठवू नका. आणि गावात बोला. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधावर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, कारण ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती, पण बिकानेरजवळ मेलेल्या स्टेपी गरुडांच्या शरीरातही ते सापडलं आणि त्यावरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांवरही बंदी आली. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम वापरायची विनंती करा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. स्टेपी गरुड २०१५ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. ज्याचं नाव शिकायला आपण एवढी धडपड करतो, त्याच्यासाठी एवढं बोलायला संकोच कसला?

मार्चमध्ये हवा तापली की स्टेपी, मोठा ठिपकेदार आणि बूटेड निघून जायला लागतात. तेव्हाही वही बंद करू नका. एप्रिल-मेमध्ये माळावर दिसणारा तपकिरी गरुड बहुतेक टॉनी असतो. आजूबाजूला स्टेपी नसताना त्याची गेप, त्याच्या सगळ्या छटा आणि पट्टा नसलेला पंख निवांत बघून घ्या. पुढच्या डिसेंबरात पहिला स्टेपी डोक्यावरून जाईल तेव्हा टॉनी तुमच्या डोळ्यांत पक्का बसलेला असेल.