बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव आणि बलून : या चुका टाळा

बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तेव्हा गर्भाशयात फुगवलेला बलून मातेचा जीव वाचवू शकतो. पण हाताशी आहे म्हणून आधी तोच बसवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बलून उपयोगी पडतो तो गर्भाशय सैल पडून होणाऱ्या रक्तस्रावात. वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा गर्भाशयमुख फाटले असेल, तर बलून बसवूनही रक्त जातच राहते. म्हणून गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारे औषध) आणि प्रसूतीपासून ३ तासांच्या आत १ ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारे औषध) हे उपचार चालू असतानाच वार पूर्ण आली आहे का ते पाहावे आणि योनिमार्ग चांगल्या उजेडात तपासावा.

याच्या उलट चूक म्हणजे उशीर, आणि तो बहुधा नजरेच्या अंदाजामुळे होतो. कपड्यांत मुरलेले रक्त नेहमी कमीच वाटते. सांगलीला लागून असलेल्या बेळगावात याच कारणासाठी मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी तयार झाली. ती मातेखाली पसरली की आकडा समोर दिसतो. तरुण बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, नाडी मात्र आधी वाढते, तेव्हा नाडीकडे दुर्लक्ष नको.

बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केलेला कंडोम-कॅथेटर, म्हणजे कॅथेटरच्या (रबरी नळीच्या) टोकाला दोऱ्याने कंडोम बांधून केलेला बलून, स्वस्त आहे, पण त्याचा जीव गाठीत आहे. दोरा सैल राहिला तर सलाईन गळते, फार आवळला तर कॅथेटरच दबतो. हवा कधीही भरू नये. निर्जंतुक सलाईन रक्त थांबेपर्यंत हळूहळू भरावे, सहसा २५० ते ५०० मिलि पुरते.

बलून बसल्यावर बाहेर रक्त दिसेनासे झाले की सगळे निर्धास्त होतात, आणि खरा धोका इथेच आहे. रक्त बलूनच्या वर साचू शकते. त्यासाठी पोटावर गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी पेनाने रेघ मारावी आणि रेघ ओलांडली जाते का, हे नाडी व रक्तदाबासह दर १५ मिनिटांनी पाहावे. पाटण किंवा जतसारख्या मोठ्या रुग्णालयापासून दूरच्या ठिकाणी रक्त थांबले म्हणून १०८ रुग्णवाहिका परत पाठवू नये, कारण बलून अपयशी ठरला तर शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्ही लगेच लागतात.

बलून १२ ते २४ तासांनी, शक्यतो दिवसा, शस्त्रक्रियागृह तयार असताना थोडे थोडे सलाईन कमी करत काढावा. रक्त पुन्हा सुरू झाल्यास आहे त्याच जागी फुगवता येतो.